कुलुपाची परीक्षा

१८५१ सालीं लंडन शहरांत जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें होतें, त्यासाठीं अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नांवाचा एक कुलुपें करणारा कारागीर आला होता. त्या वेळीं पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप अनेक वर्षें मांडलेलें असे; आणि जो कोणी तें किल्लीवांचून उघडील त्याला २०० गिनी बक्षीस मिळेल, अशी पाटीहि त्याजवळ असे. इंग्रजांना त्या कुलुपाचा मोठा अभिमान वाटे. हॉब्जनें प्रथम चब यांच्या दुसऱ्या एका नामांकित कुलुपाला हात घातला व तें सुमारें २५ मिनिटांत उघडून दाखविलें. मग तो ब्रामाच्या कुलुपापुढें बसला, आणि १६ दिवसांच्या अवधींत एकंदर ५१ तास खपून त्यानें तेंहि उघडलें. बक्षीस त्याला मिळालें; परंतु त्यानंतर जो वाद माजला, तो त्या बक्षिसाहून अधिक महत्त्वाचा होता. कित्येकांचें म्हणणें असें पडलें कीं, कुलुपांतील दोष अशा रीतीनें चव्हाट्यावर मांडणें म्हणजे चोरांची शाळा काढणेंच होय. १८५३ सालीं निघालेल्या कुलुपांवरील एका पुस्तकांत त्याला उत्तर देण्यांत आलें. चोरांना त्यांची विद्या आधींच अवगत असते, अज्ञानांत असतो तो बिचारा घरधनी, असा त्या उत्तराचा आशय होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असें आपणहि म्हणतोंच. प्रश्न एवढाच, कीं त्या वाटा सज्जनानेंहि एकदां पाहून ठेवाव्या कीं नाहीं?

श्रोतेहो, आज मला जी हकीकत सांगावयाची आहे, ती लोखंडी कुलुपांची नसून संगणकांतील कुलुपांची आहे. लिनक्स नांवाच्या कार्यप्रणालीवर सुरक्षिततेची परीक्षा घेणारीं साधनें कशीं आलीं, तीं कोणीं एकत्र केलीं, आणि तीं आपल्या यंत्रावर बसवितांना मनुष्यानें कोणकोणते धडे घेतले, याचा हा वृत्तांत आहे. विषय यंत्रशास्त्राचा दिसला तरी तो आपल्या घरापासून दूर नाहीं. बँकेंतील ठेव, दवाखान्यांतील नोंद, मुलांच्या परीक्षेचा निकाल, हें सर्व आज कोठल्या ना कोठल्या संगणकाच्या कुलुपाआड असतें. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्यांतील एका सहकारी बँकेंतून संगणकाच्या मार्गानें सुमारें ९४ कोटि रुपये अवघ्या दोन-तीन दिवसांत निघून गेले, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. कुलूप लावलें म्हणजे घर सुरक्षित झालें, असें मानण्याचे दिवस राहिलेले नाहींत.

या इतिहासाचा आरंभ एका अपघातानें होतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं संध्याकाळीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें एक छोटी आज्ञावली संगणकांच्या जाळ्यांत सोडून दिली. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर आपण होऊन जाणें, हा तिचा धर्म होता. ती टपालाच्या आज्ञावलींतील एका उघड्या राहिलेल्या वाटेनें शिरे; दुसऱ्या एका आज्ञावलीला तिच्या पेलण्याबाहेरचा मजकूर पाजून शिरे; आणि हें न साधल्यास लोकांचे परवलीचे शब्द ओळखून शिरे. एकाच यंत्रावर तिच्या इतक्या प्रती गोळा झाल्या कीं, हजारों यंत्रें ओझ्याखालीं दबून ठप्प झालीं. मॉरिसला पुढें न्यायालयांत शिक्षा झाली. त्याच नोव्हेंबर महिन्यांत कार्नेगी मेलन विद्यापीठांत अशा संकटांची वार्ता घेणारें एक कायमचें पथक उभें राहिलें. परंतु जाणत्या लोकांच्या मनाला लागलेली गोष्ट निराळीच होती. ज्या वाटांनीं ही कीड आंत आली, त्या आपल्या यंत्रावर उघड्या आहेत कीं नाहींत, हें तपासून पाहण्याचें साधनच यंत्राच्या राखणदाराजवळ नव्हतें.

ही उणीव भरून काढण्याचें काम डॅन फार्मर या तरुणानें अंगावर घेतलें. पर्ड्यू विद्यापीठाचे प्राध्यापक यूजीन स्पॅफर्ड यांच्या साहाय्यानें त्यानें १९९० च्या सुमारास ‘कॉप्स’ नांवाचें साधन तयार केलें. हा पोलीस घराच्या आंत फिरून कोणती खिडकी सैल आहे, कोणती पेटी उघडी पडली आहे, याची यादी मालकाच्या हातांत देई. त्यावर फारसा कोणी आक्षेप घेतला नाहीं. पण ५ एप्रिल १९९५ रोजीं फार्मर आणि डच शास्त्रज्ञ वीट्से व्हेनेमा यांनीं ‘सेटन’, म्हणजे सैतान, या नांवाचें दुसरें साधन सर्वांना फुकट दिलें, तेव्हां मात्र गहजब उडाला. कारण हें साधन आंतून नव्हे, तर बाहेरून, जाळ्यावरून परक्याच्या दाराशीं उभें राहून त्याच्या भिंतींची परीक्षा करी. वृत्तपत्रांनीं अनर्थाचीं भाकितें केलीं, आणि फार्मरला आपली नोकरी गमवावी लागली. चोर सोडून संन्याशाला सूळ देण्याचा हा प्रकार होता. ज्यांना त्या नांवाचा राग येत असे, त्यांच्यासाठीं कर्त्यांनीं एक गमतीची सोय करून ठेविली होती: ‘पश्चात्ताप’ अशा अर्थाची आज्ञा दिली कीं अक्षरें फिरत आणि सैतानाचा सँटा होई. भाकित केलेला प्रलय कांहीं झाला नाहीं. झालें तें एवढेंच कीं, अनेक राखणदारांना आपल्या भिंतींतील भगदाडें प्रथमच दिसलीं. हॉब्जच्या वेळचाच वाद पुन्हा एकदां झाला, आणि निकालहि तोच लागला.

आतां या साधनांना एक घर मिळालें, त्याची कथा. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपण केवळ छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचें जाळ्यावरून जाहीर केलें. तीच पुढें लिनक्स या नांवानें प्रसिद्ध झाली. टॉरवाल्ड्सनें दिला तो गाभा. पण वासे उभे केले म्हणजे घर होत नाहीं; चूल, पाटा-वरवंटा, अंथरूण-पांघरूण हें सर्व असावें लागतें. गाभ्याभोंवतीं ही सर्व सामग्री नीट जुळवून जी बांधणी लोकांच्या हातीं दिली जाते, तिला वितरण म्हणतात. अशांपैकीं डेबियन हें एक फार मोठें वितरण. इयान मरडॉक यानें १९९३ च्या ऑगस्टमध्यें तें सुरू केलें, आणि डेब्रा या आपल्या भावी पत्नीचें नांव व स्वतःचें नांव जोडून त्याचें नांव ठेविलें.

त्या काळीं एखादें साधन यंत्रावर बसविणें हें मोठें तपश्चर्येचें काम असे. साधनाची मूळ संहिता दुरून उतरवून घ्यावी. ती आपल्या यंत्राला समजेल अशा रूपांत आणूं लागावें. तों कळावें कीं हिला आणखी एक संहिता हवी, आणि ती आणावी तर तिला तिसरी हवी. पाण्याला जावें तर घागर नाहीं, घागर मिळावी तर दोर नाहीं, अशी अवस्था होई. डेबियनच्या मंडळींनीं यावर मोठा उपाय काढला. प्रत्येक साधनाचा एक तयार संच बांधावयाचा; त्याला कोणकोणते दुसरे संच लागतात हें त्याच्यावरच लिहून ठेवावयाचें; आणि सर्व संच एका भांडारांत मांडावयाचे. मार्च १९९९ मध्यें निघालेल्या डेबियनच्या आवृत्तीबरोबर ‘एप्ट’ हा कारभारी आला. त्याला साधनाचें नांव सांगितलें कीं, तो भांडारांतून तें साधन व त्याचे सर्व सोबती योग्य क्रमानें आणून बसवूं लागला. ज्या कामांत पूर्वी दिवस जात, तें एका ओळींत होऊं लागलें.

याच सुमारास साधनांनाहि बहर आला. १ सप्टेंबर १९९७ रोजीं गॉर्डन लायन यानें फ्योडोर या टोपणनांवानें ‘एनमॅप’ची मूळ संहिता ‘फ्रॅक’ या नियतकालिकांत छापून टाकली. संगणकाला जाळ्याच्या बाजूनें पासष्ट हजारांहून अधिक क्रमांकांचे दरवाजे असतात. त्यांवर टकटक करून कोणता उघडा, कोणता बंद, आणि उघड्या दाराआड कोण बसला आहे, हें एनमॅप सांगतो. १९९८ सालीं जेरल्ड कोम्ब्झ यानें जाळ्यांतून वाहणारा मजकूर तपासणारें ‘इथिरियल’ बाहेर आणलें. २००६ पासून तें ‘वायरशार्क’ या नांवानें ओळखलें जातें. १९९८ सालींच रनो देरेझों याचें ‘नेसस’ आलें. दोष सांपडल्यावर तो खरोखर घातक आहे कीं नाहीं, हें प्रत्यक्ष शिरून दाखविणारें ‘मेटास्प्लॉइट’ एच. डी. मूर यानें २००३ सालीं सुरू केलें. यांपैकीं नेससच्या कर्त्यांनीं २००५ सालीं आपली संहिता झांकून ठेवण्याचें ठरविलें. तेव्हां आधींच्या मोकळ्या आवृत्तीवरून दुसऱ्या लोकांनीं ‘ओपनव्हास’ उभें केलें. एकदां मोकळी झालेली विद्या पुन्हा कोंडून ठेवतां येत नाहीं, हें यावरून दिसून आलें.

पण परीक्षकाला साधनांची पेटी घेऊन गांवोगांव जावें लागतें. २००० सालीं क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थानें ‘क्नॉपिक्स’ तयार केलें. तबकडी यंत्रांत घालावी आणि यंत्रावर कांहींहि न बसवितां लिनक्स चालूं करावें, अशी त्याची युक्ति होती. या युक्तीच्या आधारानें माक्स मोझर यानें ‘ऑडिटर’ आणि माती अहरोनी यानें ‘व्हॅक्स’ अशा परीक्षेच्या साधनांनीं भरलेल्या दोन तबकड्या काढल्या. २००६ सालीं दोघांनीं आपलीं कामें एकत्र केलीं, आणि ‘बॅकट्रॅक’ जन्माला आलें. त्यांत साधनें विपुल होतीं. परंतु तीं एका निराळ्या कोठींत जशीं आलीं तशीं रचलेलीं असत, आणि एकाची नवी आवृत्ति आणली कीं दुसरें बिघडे. म्हणून कर्त्यांनीं जुनें घर पाडून नवें बांधावयाचें ठरविलें. १३ मार्च २०१३ रोजीं अ‍ॅमस्टरडॅम येथील एका परिषदेंत ‘काली लिनक्स’ प्रसिद्ध झालें. नांव ऐकतांच आपल्याला देवीचें रूप आठवेल. पण तिचें खरें सामर्थ्य शिस्तींत होतें. प्रत्येक साधन डेबियनच्या नियमाप्रमाणें संचरूपानें बांधलेलें, आपल्या नेमून दिलेल्या जागीं बसणारें आणि भांडारांतून अद्ययावत् होणारें, असें झालें.

येथूनच एका नव्या मोहाचा आरंभ झाला. कालीहि डेबियनची लेक, आणि आपल्या घरीं असलेलें उबुंटूहि डेबियनचेंच अपत्य. मग कालीच्या भांडाराचा पत्ता आपल्या कारभाऱ्याला देऊन तिचीं साधनें आपल्याच घरीं कां आणूं नयेत? असा विचार हजारों लोकांनीं केला. हें काम आपोआप उरकून देणाऱ्या आज्ञावल्याहि निघाल्या. पहिल्या दिवशीं सर्व ठीक चालतें. परंतु संचांचे कांहीं सामाइक भाग असतात, आणि दोन भांडारांत त्यांच्या आवृत्त्या निरनिराळ्या असतात. कारभारी बिचारा दोन मालकांचे हुकूम ऐकूं लागतो. नवें तें चांगलें समजून घराचे जुने वासे काढतो व परके बसवितो. आणि एके दिवशीं यंत्र सुरूच होत नाहीं. एका म्यानांत दोन तरवारी राहत नाहींत, हेंच खरें. डेबियनच्या मंडळींनीं अशा मिश्रणाला, फ्रँकेन्स्टाइनच्या कथेंतील तुकडे जोडून केलेल्या राक्षसाची आठवण ठेवून, ‘फ्रँकनडेबियन’ असें नांव देऊन ठेविलें आहे. सरळ मार्ग दोनच आहेत. एनमॅप, वायरशार्क यांसारखीं पुष्कळ साधनें आपल्या वितरणाच्या स्वतःच्या भांडारांत असतात, तीं तेथूनच घ्यावीं. आणि ज्याला सबंध संग्रह पाहिजे, त्यानें आपल्या संगणकाच्या पोटांत दुसरा आभासी संगणक मांडून त्यांत काली स्वतंत्रपणें नांदूं द्यावी.

परंतु घर मोडणें हें लहान संकट होय. मोठें संकट असें कीं, आपण जें साधन म्हणून घरांत घेतलें, तें खरोखर त्याच्या कर्त्यानेंच पाठविलेलें आहे कशावरून? ज्याला परीक्षक म्हणून सर्व खोल्यांच्या किल्ल्या द्यावयाच्या, तोच सोंग घेऊन आलेला असला तर? यासाठीं एप्रिल २००७ मध्यें निघालेल्या डेबियनच्या आवृत्तीपासून भांडारावर गणिती मोहोर तपासण्याची व्यवस्था आली. मोहोर जुळली नाहीं तर कारभारी हरकत घेतो. २०२५ च्या एप्रिलमध्यें कालीच्या चालकांच्या हातून त्यांची स्वतःची मोहोरच हरवली. ती चोरीला गेली नव्हती, तरी नवी करावी लागली. आणि जगभरच्या लोकांना ती हातानें आणून बसवावी लागली, तोंवर त्यांचीं यंत्रें नवे संच घेईनात. लोकांची गैरसोय झाली खरी. परंतु कारभाऱ्यानें नकार दिला, म्हणूनच तो विश्वासास पात्र ठरतो.

तथापि मोहोर एवढेंच सांगते कीं, वस्तु अमुक भांडारांतून आली. ती निर्दोष आहे असें मोहोर सांगत नाहीं. याविषयींच्या दोन हकीकती मला फार उद्बोधक वाटतात, आणि दोहोंत एकाच साधनाचा संबंध आहे. आज्ञावली आपली स्मृति नीट वापरते कीं नाहीं, हें तपासणारें ‘व्हॅलग्रिंड’ नांवाचें एक साधन आहे. २००६ सालीं गुप्तलेखनाच्या ‘ओपनएसएसएल’ या संचाविषयीं तें तक्रार करीत होतें. ती तक्रार मिटावी म्हणून डेबियनच्या एका कार्यकर्त्यानें संहितेंतील थोडा भाग काढून टाकला. तक्रार थांबली; पण त्याबरोबर किल्ल्या घडवितांना जो यदृच्छेचा अंश मिसळावयाचा, तो जवळजवळ नाहींसा झाला. ज्या किल्ल्या कल्पनेच्या पलीकडच्या संख्येंतून निवडल्या जावयाच्या, त्या अवघ्या ३२,७६८ प्रकारांतून निवडल्या जाऊं लागल्या. मोहोर अस्सल, भांडार अस्सल, कार्यकर्त्याचा हेतु शुद्ध. आणि तरीहि पावणेदोन वर्षेंपर्यंत जगांतील असंख्य कुलुपें जणूं मुठीएवढ्या जुडग्यानें उघडण्यासारखीं होतीं. डेबियनमधीलच ल्युचियानो बेयो याच्या हें लक्षांत आलें, आणि १३ मे २००८ रोजीं तें सर्वांना सांगण्यांत आलें.

दुसरी हकीकत २०२४ सालची. ‘एक्सझेड’ नांवाची मजकूर आवळून ठेवणारी एक छोटी आज्ञावली असंख्य लिनक्स यंत्रांत असते. तिचा भार एक मनुष्य फावल्या वेळांत वाहत असे. एका अनोळखी नांवाच्या व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत करून त्याचा विश्वास संपादन केला, आणि मग त्या संहितेंत एक चोरदरवाजा बसविला. तो डेबियनच्या चाचणीच्या शाखेंत शिरला. आणि २६ ते २९ मार्च या दिवसांत ज्यांनीं कालीचे नवे संच घेतले, त्यांच्या यंत्रांतहि शिरला. म्हणजे चोर पकडण्याच्या पेटींतच चोर येऊन बसला! त्याला उघडकीस आणलें अँड्रेस फ्रॉइंड या एका संगणकशास्त्रज्ञानें. दुसरेंच काम करीत असतां दूरच्या यंत्राचें दार उघडण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. व्हॅलग्रिंडच्या तक्रारीहि त्यानें पाहिल्या होत्या. त्यानें त्या तक्रारी मिटविल्या नाहींत. त्या कां येतात, याचा तो माग काढीत गेला, आणि २९ मार्च रोजीं त्यानें जगाला सावध केलें. डेबियनच्या रोजच्या वापराच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो चोरदरवाजा पोंचलाच नाहीं. साधन एकच, तक्रारहि जवळजवळ तीच. एकदां ती गप्प केली गेली, एकदां ऐकली गेली. दोहोंतील अंतर यंत्राचें नसून मनुष्याच्या जिज्ञासेचें आहे. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मूळ संहिता सर्वांना उघडी होती, म्हणूनच फ्रॉइंडला तो माग शेवटपर्यंत काढतां आला.

आतां एकच गोष्ट उरली, ती परवानगीची. ब्रामाच्या खिडकींत पाटी होती. मालकानें स्वतः होऊन आव्हान दिलें होतें. हॉब्ज परीक्षक ठरला तो त्या पाटीमुळें. रात्रीं दुसऱ्याच्या दाराशीं तीच हत्यारें घेऊन उभा राहता तर तो चोर ठरता. आपल्या देशांतील २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा हाच भेद मानतो. मालकाच्या परवानगीवांचून त्याच्या संगणकांत शिरणें हा त्यांत दोष आहे. आणि तें अप्रामाणिकपणें वा कपटबुद्धीनें केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. ज्याला ही विद्या शिकावयाची आहे, त्यानें आपल्या घरचें यंत्र तपासावें, किंवा ‘मेटास्प्लॉइटेबल’सारखे मुद्दाम दोष ठेवून बांधलेले आभासी संगणक सरावाकरितां मिळतात, ते घ्यावे. आज कित्येक घरांतून महाविद्यालयांत जाणारे मुलगे व मुली रात्रीं हीं साधनें उघडून बसतात, आणि वडील माणसें धास्तावतात. त्यांना मनाई करून कांहीं साधणार नाहीं. हें साधन कोठून आणलेंस, त्याची मोहोर पाहिलीस काय, आणि तें कोणाच्या दारावर चालवितोस, एवढे तीन प्रश्न त्यांना विचारावे.

सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीचा वाद असा होता कीं, कुलूप उघडण्याची हत्यारें सर्वांच्या हातीं असावीं कीं नसावीं. लिनक्सच्या इतिहासानें तो बहुतांशीं मिटविला. हत्यारें आज सर्वांच्या हातीं आहेतच. राहिला आहे तो विश्वासाचा प्रश्न, आणि तो प्रत्येक नवा संच बसवितांना नव्यानें सोडवावा लागतो. हॉब्ज त्या प्रदर्शनानंतर अनेक वर्षें लंडनमध्येंच राहिला. ज्या शहराच्या अभिमानाचीं कुलुपें त्यानें उघडलीं, त्याच शहरांत त्यानें आपला कुलुपांचा कारखाना काढला. आणि लोक त्याचीं कुलुपें विश्वासानें विकत घेऊन आपल्या दारांना लावूं लागले.